रुसकं फूल

भंडाऱ्यात परवडेल अशी खोली मिळाली नाही म्हणून मी नदीपलीकडे कारध्याला गेलो, आणि तिथे माझी मुलाखत झाली. पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून लागताना साहेबांनीही मला इतकं निरखून पाहिलं नव्हतं. ओसरीवर एक उंच, हडकुळा म्हातारा डोक्यावर ओला पंचा टाकून बसला होता. त्याने माझी जात विचारली नाही, पगार विचारला नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. बराच वेळ माझ्याकडे पाहून तो म्हणाला, "तुमच्या घरी दारात काय हाये?"

"तुळस," मी म्हणालो.

"तुळस सगळ्यायच्याच दारात असते. ते नाई विचारून राहिलो. अजून काय?"

मी वाईकडचा. म्हटलं, "सोनचाफा आहे. पण अलीकडे फुलत नाही."

म्हातारा एकदम गंभीर झाला. घरात कोणी आजारी आहे असं मी सांगितल्यासारखा. "मुळापाशी भिंत घातली असन कोनी," तो म्हणाला. काकांनी वाटणीची भिंत घातली होती खरी, पण परक्या माणसाला हे कशाला सांगा म्हणून मी गप्प राहिलो. तेवढ्या गप्प राहण्यावर मला खोली मिळाली. "सामान आना," म्हणून तो उठला आणि परसात गेला. आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल तेव्हाची ही गोष्ट.

सारं कारधा त्यांना काकाजी म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. घरामागे त्यांची धानाची गिरणी होती. ती पुतण्या चालवायचा. दिवसभर गिरणीचा पट्टा फटफटत असे आणि काकाजी तिच्याकडे पाठ करून परसात वाकलेले असत. गिरणीत ते जात ते फक्त कोंडा आणायला. तो झाडांच्या बुडाशी घालायचा आणि उरलेला पार्बताबाईला द्यायचा. पार्बताबाई शेजारची ढिवरीण. नदीची आणि तलावाची मासळी ती भंडाऱ्याच्या बाजारात विकायची. लाकडी पेटीत बर्फ, बर्फाभोवती कोंडा, असं तिचं दुकान. काकाजींच्या घरात मासळीचं नाव काढायची सोय नव्हती, पण तिच्या बर्फाला कोंडा मात्र त्यांच्याच गिरणीचा.

काकाजींच्या लेखी माणसं आणि झाडं यांच्यात फार फरक नव्हता. नवं रोप आणलं की ते पाव्हणं. रुजलं की भाडेकरू. फुललं की घरचं. मलाही त्यांनी याच हिशेबात घातलं होतं. पहिले कितीतरी महिने मी 'पाव्हणे' होतो. मग एकदा तापाने फणफणलो, काकाजींनी स्वतः पेज करून आणली, आणि मी उठून बसलो त्या दिवसापासून 'बाबू' झालो, म्हणजे भाडेकरू. त्यापुढची बढती काही मिळेना. आमच्या खात्यातही तीच रड होती, त्यामुळे मी मनाला लावून घेतलं नाही.

उन्हाळ्यात ते छत्री घेऊन परसात उभे दिसत. छत्री रोपावर आणि स्वतः उन्हात. मी एकदा म्हटलं, "काकाजी, थोडं सावलीत या की."

"मले सावली कायले? मी कोनता उगवून राहिलो?"

आणि संध्याकाळी दिवे लागले की हातातलं काम टाकून ते एकच वाक्य म्हणत. "चला, विमल उठली." मग हातपाय धुऊन आत जात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं घरात कोणी आजारी बाई झोपून असेल. पुढे कळलं की विमल ही त्यांची एकुलती एक मुलगी. लग्न करून डॉक्टर नवऱ्याबरोबर अमेरिकेत गेलेली. आपल्याकडे दिवे लागतात तेव्हा तिकडे सकाळ होते, हे जावयाने समजावलं होतं. काकाजींची बायको त्याआधीच वारली होती. घरात जेवायला पुतण्याच्या घरून डबा येई, आणि बोलायला मी.

रुसकं फूल आलं ते विमलच्या एका फोटोतून. रंगीत फोटो तेव्हा अपूर्वाईचा. लांब कोट घातलेली विमल एका लाकडी घराच्या दारात उभी होती आणि तिच्या गुडघ्यापर्यंत जांभळट गुलाबी फुलं. मधे तपकिरी, काटेरी बोंड वर आलेलं आणि पाकळ्या सगळ्या खाली लोंबलेल्या. फोटोच्या मागे तिने लिहिलं होतं, 'हे माझं दार.' काकाजींनी तो फोटो मला दाखवला, मग गिरणीतल्या हमालांना दाखवला, मग पार्बताबाईला.

पार्बताबाई म्हणाली, "पोरगी वाळली."

"पोरीचं नाई विचारून राहिलो. फूल पाहा. मान वर अन् पाकळ्या खाली. रुसून बसलं." त्या फुलाचं इंग्रजी नाव विमलने कळवलं होतं, पण ते काकाजींच्या जिभेला वळलं नाही. त्या दिवसापासून ते रुसकं फूल.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसले. "बाबू, एक सांगा. तिनं लिवलं, हे माझं दार. मंग हे दार कोनाचं?"

"हेही तिचंच," मी म्हणालो.

"तसं तं ती लिवत नाई." ते आपल्या ओसरीकडे पाहत राहिले. "ज्या दारात आपलं फूल, ते आपलं दार. मी बी मंगवतो. ती येईन तवा इथंबी हेच फूल पाहिजे. मंग पाहू कोनतं दार तिचं हाये ते."

लेक दोन वर्षांनी यायची होती. तोवर ते फूल दारात फुलवायचं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. हसू आलं तरी मी हसलो नाही, कारण म्हातारा अजिबात थट्टा करत नव्हता. 'हे माझं दार' या एका वाक्यासाठी दोन वर्षं थांबायला तयार असलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

विमलने पाकिटातून बिया पाठवल्या. मग काकाजींनी जे केलं ते फक्त धानाच्या मुलखातला माणूसच करील. बी ओल्या बारदान्यात गुंडाळलं, धानासारखं. कसंबसं थोडं उगवलं. त्याचे पऱ्हे टाकले, म्हणजे रोवायची रोपं तयार केली, धानासारखी. आणि आषाढात ओसरीपुढे चारी बाजूंनी बांध घालून चिखल करून छोटी बांधी केली. रोवणीला शेतावर जाणाऱ्या बायांना थांबवून म्हणाले, "आमची बी रोवनी आटोपून जा." मूठभर रोपं होती. बाया कमरेला लुगडी खोचून आल्या आणि बांधी पाहून हसत सुटल्या. पण रोवणी म्हटल्यावर गाणं आलंच. चार पावलांच्या चिखलात त्यांनी गाणं म्हणत रुसकं फूल रोवलं आणि हक्काने चहा पिऊन गेल्या. काकाजींनी बांधीत पाणी भरून ठेवलं. धान त्याने खूश होतं. रुसकं फूल आठ दिवसांत बुडापासून सडलं.

त्यानंतर काकाजी ओसरीवर बसत ते बांधीकडे पाठ करून. "धान ऐकते," ते म्हणाले. "हे ऐकत नाई. विमलसारखं हाये."

रोपं सडल्याचं कळवल्यावर विमलने उत्तरात खूप काही लिहिलं. या झाडाला पाय ओले चालत नाहीत. त्याला दिवसभर ऊन लागतं. आणि बी तिकडे हिवाळाभर बर्फाखाली पडून राहतं, मगच नीट उगवतं. काकाजींनी पत्र मला दोनदा वाचायला लावलं. मग कोंड्याचं पोतं खांद्यावर टाकून ते तडक पार्बताबाईच्या अंगणात गेले. तमाशा चुकवायचा नाही म्हणून मीही मागे गेलो.

"पार्बता, तुह्या पेटीत थोडी जागा दे."

"कायले, काकाजी? मासोया ठेवता काय?"

"बी ठेवाचं हाये. थंडीत."

"माह्या पेटीत वास येते. बाटून जासान." ती हसत होती.

"मी कोनता पेटीत बसून राहिलो? बी बसते." त्यांनी खिशातून तंबाखूची पितळी डबी काढली. ओल्या वाळूत कालवलेलं बी तिच्यात भरलं होतं. "महिनाभर राहू दे. बर्फ वितळला तं नवा टाकजो, कोंडा लागन तेवढा ने."

पार्बताबाईने डबी घेतली, पदराने पुसली आणि पेटीच्या तळाशी, बर्फाच्या लादीखाली सरकवली. "विमलच्या फुलासाठी होय ना? मंग ठेवते." विमल लहानपणी तिच्याच अंगणात पडीक असायची, हे मला तेव्हा कळलं.

त्या महिन्यात ती डबी रोज पूल ओलांडून भंडाऱ्याच्या बाजारात गेली आणि रोज परत आली. रोहू, वाघूर, झिंगे यांच्या सोबतीने अमेरिकेच्या फुलाने आपला हिवाळा काढला. बी बाहेर काढलं तेव्हा त्याला असा वास मारत होता की काकाजींनी पंच्याने नाक बांधून ते पेरलं. जन्मभर मासळी न शिवलेला माणूस तो. पेरून झाल्यावर विहिरीवर जाऊन त्यांनी अंघोळ केली आणि ओलेत्यानेच परत येऊन वाफ्यापाशी बसले.

उगवलं. ऐन थंडीत हिरवे ठिपके दिसले त्या सकाळी मला ऑफिसला उशीर झाला, कारण काकाजी मला सोडेनात. या वेळी त्यांनी नदीची वाळू आणि कोंड्याची राख घालून उंच ढिगारा केला होता, पाणी थांबू नये म्हणून. उन्हाळाभर छत्री झाली. पावसाळ्यात ढिगाऱ्यावर ताडपत्री झाली. वर्षभर त्याला नुसती खरबरीत पानं आली. येणारा-जाणारा विचारी, "काकाजी, कोनती भाजी होय?" एकदा शेजारच्या शेळीने ती भाजी समजून खाल्लीही. मग काकाजी दुपारी ओसरीवर झोपायचे सोडून ढिगाऱ्यापाशी बाज टाकून पडू लागले.

शेळीच्या तोंडून वाचली ती तीनचार रोपं. ती वाढेनात. दुपार कलली की त्यांच्यावर पारिजातकाची सावली पडायची.

हा पारिजातक काकाजींच्या बायकोने लावलेला. ओसरीच्या कोपऱ्यात, छपराच्या वर गेलेला. भादव्यापासून रोज सकाळी खाली फुलांचा सडा असे. दाराशी येताना मी तो चुकवून चालायचो, बाकीचे तुडवून जात. पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी कुऱ्हाडीचा आवाज आला. बाहेर येऊन पाहतो तर काकाजी स्वतः झाड तोडत होते. गिरणीचा हमाल बाजूला हात बांधून उभा होता, त्याला ते हात लावू देत नव्हते.

पार्बताबाई धावत आली. "काहून तोडता, काकाजी? विमल याच्याखाली परकराचा ओचा भरून फुलं येचे."

"येचे ना?" ते थांबले. धाप लागली होती. "आता येचते कोन? रोज सकायी पडते अन् पायाखाली जाते. मले पाहवत नाई, पार्बता. इतले वर्स पाह्यलं." आणि पुन्हा घाव घातला. सावलीचं कारण त्यांनी नंतर सांगितलं, मलाही आणि स्वतःलाही.

पार्बताबाईने पदर तोंडाला लावला आणि ती परत गेली. आठ दिवस तिने कोंडा नेला नाही.

रुसकं फूल त्याच भादव्यात फुललं. दोन फुलं. हुबेहूब फोटोसारखी, मान वर आणि पाकळ्या खाली. काकाजींनी गिरणी दिवसभर बंद ठेवायला लावली, धुरळा बसेल म्हणून. पुतण्या रागावून तुमसरला निघून गेला. नवरात्रात विमल येणार होती. तोवर ती फुलं टिकावीत म्हणून म्हाताऱ्याने काय काय केलं ते सांगत बसलो तर हसाल. मला तेव्हा हसू येईनासं झालं होतं. मीही सकाळी उठल्यावर आधी फुलं पाहायचो, मग दात घासायचो.

विमल नागपूरहून टॅक्सीने आली. बरोबर तीनेक वर्षांची मुलगी. नवऱ्याला सुट्टी नव्हती. काकाजी स्वच्छ धोतर नेसून ढिगाऱ्याच्या बाजूला उभे होते, अगदी लागून, म्हणजे त्यांच्याकडे पाहिलं की फुलाकडे पाहावंच लागेल. विमल उतरली, वाकून पाया पडली आणि फुलांवरून नजर फिरवत सरळ ओसरीच्या कोपऱ्याकडे चालत गेली. तिथे जाऊन थांबली.

"बाबा, पारिजातक कुठं गेला?"

काकाजींनी बोटाने फूल दाखवलं.

ती वळली. "अगंबाई, हे खरंच फुललं इथं?" मग बापाच्या चेहऱ्याकडे पाहून तिच्या लक्षात आलं असावं. ती हलकेच म्हणाली, "बाबा, तिथलं हे फूल मी नव्हतं लावलं. आधीच्या घरमालकाचं होतं. आपोआप येतं दरवर्षी."

मी माझ्या खोलीच्या दारात उभा होतो. आत जावं असं वाटलं, पण पाय निघाला नाही.

एवढ्यात टॅक्सीतून उतरल्यापासून रडणारी ती चिमुरडी आईचा हात सोडून धावली. तिला इथलं काही ओळखीचं नव्हतं. जमलेली माणसं, गिरणी, म्हातारा आजोबा, सगळ्यांनाच ती बिचकत होती. ती ढिगाऱ्यापाशी जाऊन बसली आणि फुलाच्या काटेरी बोंडावर तळवा फिरवू लागली. रडं थांबलं. काकाजी तिच्यासमोर उकिडवे बसले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. ती बोंड दाबून हात वर करून दाखवी, मग ते दाबून दाखवत. विमल पारिजातकाच्या खुंटापाशी उभी राहून दोघांकडे पाहत होती आणि रडत होती. मला आजही वाटतं की त्या दिवशी त्या घरात एकीला तिचं दार मिळालं आणि एकीचं गेलं.

महिनाभराने निघताना विमलने बापाकडे एकच गोष्ट मागितली, पारिजातकाचं बी. तोडलेल्या झाडाचं बी कुठून आणणार? पण पार्बताबाईच्या अंगणात त्याच झाडाच्या बियांतून आलेला पारिजातक होता. विमलनेच लहानपणी तिथे बी पुरलं होतं. पार्बताबाईने गेल्या वर्षीची वाळकी चपटी बोंडं काढून पदरात भरून आणली, आणि काकाजींनी ती तंबाखूच्या पितळी डबीत घातली. डबी कितीही घासली तरी मासळीचा वास गेला नव्हता. विमल ती नाकाशी धरून बराच वेळ बसली.

पुढे माझी नागपूरला बदली झाली. जाताना काकाजी म्हणाले, "भाडेकरू गेला की जागा दोन दिवस मोकळी ठेवा लागते." खोली त्यांनी पुन्हा कोणाला दिलीच नाही, असं ऐकलं.

काही वर्षांनी भर वैशाखात कामासाठी भंडाऱ्याला गेलो होतो. काम आटोपून पूल ओलांडला. काकाजी खूपच वाकले होते. ओसरीच्या कोपऱ्यात पारिजातकाच्या खुंटाला फूट येऊन झाड पुन्हा छपराला टेकलं होतं. ते आता त्याला हात लावत नव्हते. ढिगारा त्याच्या सावलीत गेला होता आणि रुसक्या फुलाचं एकच रोप उजेडाकडे लांबट झुकून जगत होतं.

अंगणात लोखंडी पत्रा टाकून त्यावर त्यांनी नदीची वाळू पसरली होती. ती हाताने वरखाली करत ते उन्हात बसले होते. या वेळी छत्री कशावरच नव्हती.

"विमलकडे पारिजातक उगवला," त्यांनी मला बसायच्या आधीच सांगितलं. "कुंडीत हाये. घरात ठेवते, खिडकीत. बाहेर ठेवला तं बर्फानं मरते. हातभर वाढला, पान बी चांगलं हाये. पन फूल येत नाई."

"का बरं?"

"ऊन नाई ना तिथं, बाबू. आपल्यासारखं नाई." ते वाळू चाळत राहिले. "रुसक्या फुलाले थंडी पाहिजे होती, तं पार्बताच्या पेटीत भेटली. याले ऊन पाहिजे. ऊन कोन्या पेटीत भरू?"

ते मला विचारत होते, अगदी खरोखर. खात्यातला माणूस, धरणं बांधणाऱ्यांतला, याला काही माहीत असेल म्हणून.

मग त्यांनी ती तापलेली वाळू एका जाड कापडी पिशवीत भरली, तोंड सुतळीने आवळून बांधलं आणि पिशवी माझ्या हातात दिली. जावयाच्या ओळखीचे एक डॉक्टर त्या आठवड्यात नागपूरहून तिकडे निघणार होते, त्यांच्याकडे पोचवायची होती. "कुंडीत बुडापाशी घालाले सांगा. पूरा वैशाख तापवली हाये." हाताला चटका बसत होता.

"मी पोचवतो," मी म्हणालो.

"तुमीच पोचवसान. घरच्याशिवाय कोनाले सांगू?"

मी एसटीत बसलो, पिशवी मांडीवर घेतली. गाडी पुलावरून गेली, भंडारा मागे पडला. मौदा आलं तोवर रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर दिवे लागले होते. विमल उठली असेल, मला वाटलं. पिशवीवर हात ठेवून पाहिला, तर वाळू गार झाली होती.